मी सांगितलेली खोड

समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही, हे मी त्याच्या हातांकडे बघून ठरवते. ही सवय चांगली नाही हे मला ठाऊक आहे. पण ती मी काही पुस्तकातून उचललेली नाही. माझे बाबा नांदुऱ्याच्या बैलबाजारात दलाल होते. घरची थोडी शेती होती, पण गाव आम्हाला ओळखायचं ते दलालाचं घर म्हणूनच. त्या काळी बैलाचा सौदा तोंडाने होत नसे. विकणारा आणि घेणारा हातात हात द्यायचे, वरून उपरणं टाकायचे आणि त्याखाली बोटं दाबून भाव बोलायचे. आजूबाजूला दहा माणसं उभी असली तरी आत काय चाललंय हे कुणाला कळायचं नाही. मला मात्र वाटायचं की मला कळतं. बोटं दिसत नसली तरी खांदे दिसायचे, भुवया दिसायच्या. बाबांची भाकरी घेऊन बाजारात गेले की मी हेच बघत बसायची.

बाबांचा या धंद्यात एक नियम होता. बैलाची खोड आधी सांगायची. बैल मारका असो, बसका असो, डावीकडून जुंपला की अडणारा असो, जे असेल ते सौद्याआधी घेणाऱ्याच्या कानावर घालायचं. "खोड लपवून इकला तं बैलबी परत येते आन् दलालाचं तोंडबी काळं होते," असं ते म्हणायचे. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलं की देवाच्या आरतीबरोबर तेही पाठ झालं होतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही दोघंच. तो भजनी मंडळात मृदंग वाजवायचा आणि शाळेत नापास व्हायचा. महाराष्ट्र झाला त्या सुमारास तो मुंबईला गेला. मुंबई आता आपली झाली, असं भाषणात ऐकू यायचं. पण आपली झालेली मुंबई आमचा माणूस काही परत पाठवत नव्हती. आधी कापडाच्या गोदामात होता. मग पत्र आलं की हॉटेलात लागलो. मायला वाटलं, पोरगा कपबशा विसळतो. दोन दिवाळ्या तिने त्याच्या हाताला चोळायला तेल पाठवलं. पुढे एकदा सुट्टीत आला तेव्हा त्याने सांगितलं की तो तिथे ड्रम वाजवतो, इंग्रजी वाजा आहे, त्याला जॅझ म्हणतात.

बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "कपबश्या बऱ्या होत्या."

आता खरी गोष्ट. दादाला साखरखेर्ड्याची एक मुलगी दाखवली होती. तो बघून आला तो वेगळाच माणूस होऊन आला. जेवताना हसायचा. मायला म्हणाला, "ही पोरगी माह्या मनात बसली. आता दुसरी दाखवू नका." एवढं स्पष्ट बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि दादाची तर मुळीच नव्हती. मुलीला आई नव्हती. वडील जमीनदार शेतकरी, आणि तिला वाढवलेली तिची विधवा आत्या दुसरबीडला राहायची. मुलगा त्यांनाही आवडला होता. अडलं होतं एकाच ठिकाणी. मुलीच्या वडिलांनी पत्रात विचारलं होतं, मुलगा मुंबईत नक्की काय करतो?

बाबांनी माझ्याकडूनच उत्तर लिहून घेतलं. बैल दाखवताना आपण चालवून दाखवतो, तसं या आणि डोळ्यांनी बघा, असं त्यांनी सांगितलं. बैलाचं तेवढं मी गाळलं.

दादा तेव्हा दोन साथीदारांबरोबर नागपूरला कुठल्याशा हॉटेलात वाजवायला गेला होता. परतताना तिघांनी दोन दिवस नांदुऱ्याला उतरायचं, त्याच वेळी पाहुण्यांनी यायचं आणि सगळ्यांसमोर वाजवणं व्हायचं, असं ठरलं. जागा म्हणून जिनिंगची शेड मिळाली. कापसाचा हंगाम सरला होता, शेड मोकळी होती आणि तिथला मुकादम बाबांचा मित्र होता.

मी त्या दोघांकडे पहिल्या मिनिटापासून संशयाने बघितलं, हे आधीच सांगून टाकते. बाबांनी स्टेशनवर दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, पाठवली होती. तीत मागे कापडात गुंडाळलेलं माणसाएवढं काहीतरी आडवं पडलेलं, आणि त्याला धरून एक काटकुळा माणूस बसलेला. वेशीपासून घरापर्यंत लोकांनी ओट्यावरून उतरून बघितलं. शेजारच्या काकूंनी तर डोक्यावरचा पदर सारखा करून हातच जोडले. आत निघालं भलं मोठं व्हायोलिन, उभं राहून वाजवायचं. दुसरा माणूस पन्नाशीचा, गोव्याकडचा, गिटार वाजवणारा. हसायचा फार. जो येईल त्याला हसून हात जोडायचा. बाजारात इतकं हसणारा माणूस दिसला की बाबा मला कोपराने ढोसायचे.

पाहुणे दुपारी यायचे होते. सकाळी मी परसातल्या निंबाखाली बसलेल्या तिघांना चहा घेऊन गेले. गिटारवाला हिंदीत बोलत होता. "जहाज किसी के लिए रुकेगा नहीं. घर में बोला?"

दादा म्हणाला, "नहीं."

तेवढ्यात त्यांना मी दिसले आणि तिघेही गप्प झाले. दादा उगाच म्हणाला, "साखर बरोबर हाये ना वं?" त्याने अजून घोटही घेतला नव्हता.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी चुलीपाशी येऊन बसले आणि हिशोब जुळवत राहिले. गोव्याकडचे वाजवणारे जहाजांवर नोकरी धरतात, वर्षवर्ष समुद्रावर असतात, हे दादानेच मला पूर्वी सांगितलं होतं. म्हणजे हा लग्न करणार, आई नसलेली पोरगी आमच्या घरात आणून बसवणार आणि स्वतः जहाजावर चढून जाणार. घरात सांगितलेलं नाही. चहावाली आली की गप्प. आणखी काय पुरावा पाहिजे? मी मायला सांगितलं नाही, कारण ती रडली असती. बाबांना सांगितलं नाही, कारण त्यांनी पाहुण्यांसमोरच तमाशा केला असता. दादाला विचारायचं मात्र मला सुचलंच नाही. संशय घेणारा माणूस ज्याच्यावर संशय आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांचा विचार करतो.

उन्हं उतरल्यावर शेडमध्ये सतरंज्या पडल्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला सरकीच्या पोत्यांना टेकून आम्ही बाया. भजनी मंडळ आख्खं आलं होतं, ज्या बुवांनी दादाला मृदंग शिकवला ते सर्वांत पुढे. मुलीचे वडील बाबांच्या शेजारी, पांढरंशुभ्र धोतर, मिशा खाली वळलेल्या. आत्या माझ्या शेजारी. बुटकी, सावळी बाई, बोलणं जालन्याच्या बाजूचं. आमच्या 'करून राह्यले'ला ती हसत होती आणि तिच्या 'करायलेत'ला आम्ही.

समोर दादा त्या ड्रमांच्या गराड्यात बसला. एक मोठा ढोल पायाने वाजवायचा, दोन-तीन लहान, आणि काठ्यांवर अडकवलेल्या पितळी झांजा. मृदंगाचा एकच नग मांडीवर घेऊन बसणारा आमचा दादा त्या भांड्याकुंड्यात बोहारणीसारखा दिसत होता. त्याने हातात तारांचे दोन कुंचे घेतले आणि ढोलाच्या कातड्यावरून गोल गोल फिरवायला सुरुवात केली.

माय माझ्या कानात म्हणाली, "वाजवून राह्यला का झाडून राह्यला?"

मग त्या काटकुळ्याने मोठ्या व्हायोलिनच्या तारा बोटांनी ओढल्या. चार सूर. परत तेच चार सूर. परत तेच. आम्ही पुढच्याची वाट बघत राहिलो. पुढचं काही येईना. मंडळातला एक टाळकरी मागे वळून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याले पुढचं येत नाही वाटते." लोक हसले. मुलीच्या वडिलांच्या मिशा हलल्या नाहीत. गिटारवाल्याने मात्र त्या चार सुरांवर एक चाल धरली. छोटीशी, गुणगुणता येईल अशी. दोनदा वाजवली आणि सोडून दिली. सोडून भलतीकडेच गेला. कुठून कुठे चालला होता कुणास ठाऊक. चाल तर गेलीच होती, गाणं कुठलं म्हणावं तेही कळेना. मध्येच तो थांबायचा, दादाकडे बघायचा, आणि दादा झांजेवर असं काही मारायचा की त्याला जणू कुणी टोमणा मारलाय. मग गिटारवाला हसून तारांवरच उत्तर द्यायचा. काटकुळा मात्र खाली मान घालून आपले तेच चार सूर वाजवत होता. दादा पायाचा ढोल वाजवी तेव्हा छपराच्या कैच्यांना हंगामभर चिकटलेली कापसाची रुई सुटून आमच्या डोक्यांवर पडायची. बायांच्या अंबाड्यांवर, मुलीच्या वडिलांच्या टोपीवर.

मला आवडत होतं. हे लिहिताना अजूनही जड जातं, पण खरं आहे. माझा पाय लुगड्याच्या आत आपोआप हलायला लागला होता आणि मी तो हाताने दाबून धरला. आपल्याला न विचारता आपला पाय हलवणारा माणूस मला विश्वासाचा वाटेना.

बुवा बोटांवर मात्रा मोजत होते. आधी त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. मोजता मोजता चुकले, परत पहिल्यापासून धरलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मांडीवर थाप मारली ती नेमकी दादाच्या ढोलावर पडली. ते शेजाऱ्याला म्हणाले, "येते. समेवर येते. पण सारा गाव फिरून येते."

मग ते खाणाखुणांचं सुरू झालं.

गिटारवाल्याने तारांवरचा उजवा हात काढून दोन बोटं दाखवली. दादाने मान हलवली, नाही. गिटारवाल्याने चार दाखवली. दादा हसला, मान डोलावली. थोड्या वेळाने काटकुळ्याने डोळ्यांनीच काहीतरी विचारलं, गिटारवाल्याने परत एक बोट दाखवलं. आणि नंतर त्याने डोक्यावर हात ठेवला, थापटल्यासारखा, आणि तिघांनी एकमेकांकडे बघून काहीतरी पक्कं केलं.

त्या शेडमध्ये बसलेल्या शंभर माणसांपैकी निम्म्या लोकांनी आयुष्यात कधी ना कधी बैल विकत घेतला होता. बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून कुणी बोटं दाखवतंय याचा अर्थ आमच्याकडे एकच. सौदा चालू आहे, आणि तो ज्याच्या गळ्यात पडायचा आहे त्याला सोडून बाकीच्यांना ठाऊक आहे. मी बाबांकडे बघितलं. त्यांचं सुपारी कातरणं थांबलं होतं. मुलीच्या वडिलांनी एकदा त्या बोटांकडे, एकदा बाबांकडे बघितलं. दोन वाजवण्यांच्या मधल्या वेळात त्यांनी दादाला सर्वांसमोर विचारलं, "काय वाजवायचं हे आधी ठरलेलं नसतं काय?"

दादा घामाने निथळत होता, डोळे चमकत होते. म्हणाला, "मुखडा ठरलेला असते मामा. बाकी वाजवता वाजवता ठरते."

"म्हंजे पुढं काय होणार ते तुमालाच ठाव नसतं?"

"हाव," दादा म्हणाला. किती आनंदाने म्हणाला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. असं कुणी बोलतं का सासरा होणाऱ्या माणसाशी?

तिघं परत वाजवायला लागले आणि परत बोटं दिसायला लागली. आत्या माझ्याकडे सरकली.

"काय ठरवायलेत गं हे?"

मी पदरावर पडलेली रुई वेचू लागले.

"सांग की माय. तू बहीण हाइस. त्या लेकराला मी आईबिगर वाढीवलंय. तुज्या भावाचं काही लपल्यालं आसंल तर आत्ताच सांग. तुज्या शब्दाभाईर मी जानार न्हाई."

मला तो क्षण अजून पुरा आठवतो. मला वाटलं, हीच ती वेळ. सौद्याआधी खोड सांगायची वेळ. बाबा पुरुषांत बसलेत, त्यांना सकाळचं काही ठाऊक नाही, तेव्हा हे माझ्यावर आलंय. एका आई नसलेल्या मुलीला फसवायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी आमच्या परसात जहाजाची वाट बघत उभी असलेली दिसलीसुद्धा.

"आत्याबाई," मी म्हणाले, "दादाचं मले सांगता येत नाही. त्याचं जहाजावर जायाचं चालू हाये. घरी सांगतलं नाही त्यानं."

आत्याने माझा हात दाबला. मला फार बरं वाटलं. आपण बाबांच्या पुढे एक पाऊल टाकलं असं वाटलं. पुढचा सगळा वेळ मी मोकळ्या मनाने ऐकलं.

वाजवणं संपलं तेव्हा लोकांना ते संपलं हे कळायला थोडा वेळ लागला. मग टाळ्या झाल्या. बुवांनी उठून दादाच्या पाठीवर हात ठेवला. मुलीचे वडील बाबांना म्हणाले की पोरगा मेहनती आहे, वाज्याचं काही आपल्याला कळत नाही, बघू, बहिणीशी बोलतो. बाबांचा चेहरा जरा सैल झाला.

दिवेलागणीला पंगत बसली. मी वाढत होते. काटकुळा पंगतीच्या टोकाला बसला होता. दिवसभरात तो एक शब्द बोलला नव्हता. पिठलं वाढताना मीच त्याला हिंदीत विचारलं, "तुम लोग उंगली क्यूं दिखाते थे?" तपास अजून पुरा करायचा होता ना.

तो दचकला, मग समजावून सांगू लागला. दोन बोटं म्हणजे मी अजून दोन फेरे वाजवणार. चार म्हणजे चार. एक म्हणजे शेवटचा. आणि डोक्यावर हात म्हणजे आता परत डोक्याकडे, मुखड्याकडे यायचं. एवढंच. आधी ठरलेलं नसतं म्हणून वाजवता वाजवता सांगावं लागतं.

"और जहाज?" मी विचारलं.

त्याने दादाकडे बघितलं. दादा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला मुलीच्या वडिलांना आग्रह करत होता. "तेरा भाई पागल है," तो हळू आवाजात म्हणाला. "इतनी अच्छी नौकरी. हम दोनों जा रहे हैं. इसने छोड़ दी. बोलता है, शादी बनाऊंगा, लड़की को छोड़ के पानी पे नहीं जाऊंगा. घर में बोलता भी नहीं. बोलता है, जो करना ही नहीं, वो बोलने का क्या."

माझ्या हातातलं पातेलं तापलेलं होतं ते तेव्हा जाणवलं.

आत्या चार पावलांवर, माजघरात जेवायला बसली होती. मला जाऊन सांगता आलं असतं. मी दारापर्यंत गेलेही. पण मला वाटलं, आता बोलले तर बाई काय म्हणेल? घरच्यांना कळलं, त्यांनी पोरीला दम दिला आणि पढवून पाठवली. मी तिच्या जागी असते तर मी हेच म्हटलं असतं. शिवाय, मी भावाबद्दल खोटं बोलले हे मला माझ्या तोंडाने कबूल करावं लागलं असतं. ते मला जमलं नाही. सकाळी सांगू, असं मी ठरवलं.

सकाळी पाहुण्यांना पोचवायला आम्ही बसस्टँडवर गेलो. दादाने आत्याची पिशवी घेतली होती. बस लागली. आत्या पायरीवर पाय ठेवून थांबली आणि तिने दादाला सरळ विचारलं, "कुटं लांब जायचा इचार हाय का बाबा?"

दादा हसून म्हणाला, "नाही आत्याबाई. मुंबईतच हाये मी. कोठीच नाही जात."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी बोलले असते तर दोन शब्दांत सगळं सरळ झालं असतं. मी बसच्या टपावर चढणारा माणूस बघत राहिले. आत्याने पिशवी घेतली आणि आत जाऊन बसली. माझा भाऊ तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला, असं तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आलं.

आठ दिवसांनी कार्ड आलं. योग दिसत नाही, राग मानू नये. दादा तोवर मुंबईला परत गेला होता. बाबांनी मलाच बसवलं पत्र लिहायला. मी लिहिलं. दादाचं उत्तर आलं, त्यात एकच ओळ कामाची होती. त्यांना माझं वाजवणं आवडलं नाही का? मी ती बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, "काय मालूम. लिही, कारण समजलं नाही म्हणून." मी तसं लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं, पूर्वीपासून.

जहाज गेलं, त्याचे दोन्ही साथीदार गेले. दादाने वर्षभर कुठे कुठे वाजवलं आणि मग परत आला. मुंबईचं पाणी मानवलं नाही म्हणाला. जिनिंगमध्ये लागला आणि पुढे मुकादम झाला. लग्न त्याने बऱ्याच उशिरा केलं, संसार नीट केला. पण वाजवलं नाही. बुवा दोनदा घरी येऊन गेले. नुसता मृदंग तरी घे, म्हणाले. दादा म्हणाला, आता हात चालत नाही. आपल्याच माणसांसमोर वाजवलं आणि आपल्याच माणसांना ते नको होतं, एवढंच तो एकदा मायजवळ बोलला. मायने ते मला सांगितलं. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि का जेवले नाही हे कुणाला सांगितलं नाही.

यात साठाच्या वर वर्षं गेली. बाबा गेले, माय गेली, वहिनी गेली. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला दादा माझ्याकडे आला. ओवाळून झालं, मुलं-सुना उठून गेल्या, आम्ही दोघंच बसलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं. जहाज, आत्या, पंगत, बसस्टँड. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर परत राहिलं असतं. मला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याने फराळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "म्हंजे वाजवणं खराब नव्हतं?"

"नव्हतं दादा."

"त्या आत्याबाईले?"

"ती मांडीवर बोटानं ताल धरून बसली होती. मी शेजारी होती ना."

त्याने मान डोलावली. बाहेर कुणाचे तरी फटाके वाजत होते.

"ते ड्रम मी कोणाले देल्ले होते वं," त्याने विचारलं. "तुले याद हाये काय?"

मला आठवत नव्हतं. त्यालाही आठवत नव्हतं.